गुडमारचा पाला: जिभेपासून रक्तापर्यंत

दिवाळी होऊन पंधराएक दिवस झाले होते. दुपारची वेळ, दुकानात कोणी नव्हतं. बालाघाटाच्या अंगाला असलेल्या एका गावचे मामा आले. नेहमीसारखी डॉक्टरांची चिठ्ठी काढायच्या ऐवजी त्यांनी पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेला पाला काढला आणि काउंटरवर ठेवला.

"ताई, गोळ्या बास आता. ह्या पाल्यानं शुगर गेली माझी."

मामा माझे कुणी लागत नाहीत. अंबाजोगाईत मी औषधाचं दुकान चालवते आणि गेली कित्येक वर्षं ते महिन्याच्या महिन्याला मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडच्या स्ट्रिपा न्यायला येतात. गोळ्या बंद करून आठ दिवस झाले होते. घरच्या मशिनवर सकाळी उपाशीपोटी ११८ आली, एवढ्यावर त्यांनी निकाल लावून टाकला होता. मी काही बोलणार तोच म्हणाले, "आधी चावून तर बघा. दोन पानं. मंग साखर खावा."

चावली. हिरवट, तुरट, शेवटाला जरा कडू. अर्धा मिनिट तोंडात घोळवून थुंकली, चूळ भरली. दुकानात ग्लुकोजची पावडर असतेच. एक पुडा फोडून चिमूटभर जिभेवर टाकली. गार लागली, पण गोड नाही. रांगोळी खाल्ल्यासारखं वाटलं. मग मामांनी खिशातून गुळाचा खडा काढला. शुगरचा पेशंट खिशात गूळ बाळगून हिंडतो, का तर चार लोकांना प्रात्यक्षिक दाखवायला! तो खडा चघळला. गुळातली खारट चव मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली, एरवी ती गोडीखाली झाकलेली असते.

"मातीवानी लागायलंय ना?" मामा खूश.

त्यांचा हिशोब सरळ होता. जे पान जिभेवरची साखर मारतं, ते रक्तातली पण मारणारच. नावातच आहे, गुड मार. हा हिशोब मराठवाड्यातल्या निम्म्या घरांत ऐकायला मिळतो. तो पूर्ण चुकीचा नाही, म्हणूनच अवघड आहे. जीभ आणि रक्त यांच्यामध्ये बरीच वाट आहे आणि या पानाचा अभ्यास करणाऱ्यांना ती वाट अजून पुरती चालता आलेली नाही.

वेल तीच का?

गुडमारला मधुनाशिनी म्हणतात. जुनी माणसं बेडकीचा पाला म्हणतात, कुठे कावळी म्हणतात. शास्त्रीय नाव जिम्नेमा सिल्व्हेस्ट्रे. दख्खनच्या पानझडी जंगलात झुडपांना वेटोळे घालत चढणारी ही वेल, वय झालं की खोड लाकडासारखं टणक होतं. पानं समोरासमोर जोडीनं येतात, लहानशी, हात फिरवला की मऊ लव लागते. फुलं बारीक पिवळी, झुबक्यानं. कुळ रुईचं, त्यामुळे शेंग तडकली की बियांना रुईसारखीच रेशमी म्हातारी असते आणि ती वाऱ्यावर उडत जाते.

आयुर्वेदाच्या ग्रंथांतलं मेषशृंगी हे नाव या वेलीला लावतात. मेंढ्याच्या शिंगासारखी शेंग, म्हणून. गोंधळ असा की आपल्याकडच्या डोंगरात मेढशिंगी नावाचं एक झाडही आहे, चांगलं झाड, वेल नव्हे. त्याच्या शेंगाही लांब आणि कोयत्यासारख्या वाकड्या. त्याचं शास्त्रीय नाव डोलिकॅन्ड्रोन फाल्काटा. ग्रंथातली मेषशृंगी यातली नेमकी कोणती, यावर जाणकारांतच दोन मतं आहेत. तेव्हा 'मेढशिंगी शुगरवर चालते' असं कोणी सांगितलं तर आधी विचारायचं, वेल की झाड?

पान चावल्यावर साखर गोडच लागली तर ते गुडमार नाही, ही खूण पक्की आहे. पण तेवढ्यासाठी दिसेल ते अनोळखी पान तोंडात घालू नका. रुईच्या कुळात विषारी वनस्पती कमी नाहीत.

जीभ कशी फसते

आपल्या जिभेवर गोड ओळखणारा संवेदक असतो. दोन प्रथिनं एकमेकांना जोडून तो बनतो, त्यांची नावं टी१आर२ आणि टी१आर३. साखर त्याला टेकली की मेंदूकडे 'गोड' असा निरोप जातो. गुडमारच्या पानात जिम्नेमिक आम्लं नावाच्या द्रव्यांचा एक गट आहे. ती यातल्या टी१आर३ला जाऊन चिकटतात आणि निरोप निघतच नाही. साधारण अर्धा-पाऊण तास हा खेळ चालतो, मग चव हळूहळू परत येते. खारट, आंबट, कडू यांना धक्का लागत नाही. गुळातला खारटपणा मला कळला तो त्यामुळेच.

ही गंमत युरोपियन लोकांच्या नजरेला आली त्याला पावणेदोनशे वर्षं झाली. एजवर्थ नावाच्या अधिकाऱ्याचं निरीक्षण १८४७ साली लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे आलं. पुढे १८८७ मध्ये डेव्हिड हूपर या रसायनतज्ज्ञानं पानातलं द्रव्य वेगळं काढून त्याला जिम्नेमिक आम्ल हे नाव दिलं.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. जिम्नेमिक आम्लाचा उंदराच्या जिभेवर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. त्याच पानात गुरमारिन नावाचं दुसरं एक द्रव्य आहे, ३५ अमिनो आम्लांचं छोटंसं प्रथिन. ते उंदराची गोडी मारतं, माणसाला मात्र ते फारसं जाणवत नाही. पान एकच, जिभा दोन, आणि दोघांना फसवणारी द्रव्यं वेगवेगळी. 'उंदरावर गुण आला' अशी बातमी वाचली की मला हे आठवतं.

जिभेच्या खाली

आता पान गिळलं असं धरू.

शुगर म्हणजे गोड खाल्ल्यानं होणारा आजार, असं अजूनही पुष्कळांना वाटतं. साखर सोडली की झालं. पण ज्वारीच्या भाकरीतला पिठूळ भागही पोटात जाऊन ग्लुकोजच होतो. ते ग्लुकोज आतड्याच्या भिंतीतले वाहक उचलतात आणि रक्तात सोडतात. रक्तातून ते पेशींत जायला इन्सुलिन लागतं, आणि इन्सुलिन बनवतं स्वादुपिंड. टाइप २ मधुमेहात इन्सुलिन कमी पडतं आणि असलेल्या इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही, असं दुहेरी होतं.

यात यकृताचाही हात असतो. रात्री उपाशी झोपलात तरी मेंदूला ग्लुकोज लागतंच, ते यकृत बनवून पुरवतं. निरोगी माणसात इन्सुलिन त्याला आवर घालतं. मधुमेहात तो आवर सुटतो. 'ताई, रात्री काहीच खाल्लं नव्हतं, तरी सकाळी १८० कशी?' हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा येतो, त्याचं उत्तर हे. जिभेवर गोड लागलं काय, न लागलं काय, रात्री यकृतात जे चालतं त्याला त्याचा पत्ताही नसतो.

मग गुडमारचं पान यातल्या कुठल्या टप्प्यावर हात घालतं?

आतड्यात थोडं काही घडत असावं. प्राण्यांच्या आतड्यांवर केलेल्या प्रयोगांत पानाच्या अर्कानं ग्लुकोजचं शोषण मंदावलेलं दिसलं आहे. पण प्रयोगशाळेत आतड्याच्या तुकड्याला मोजूनमापून अर्क देतात. मामांचा पाला कधी दोन पानं, कधी मूठभर, कधी कोवळा, कधी जून. शिवाय पानातल्या द्रव्याचं प्रमाण वेलीगणिक, हंगामागणिक बदलतं.

स्वादुपिंडाचं प्रकरण जास्त मजेशीर आहे. पानाचा अर्क टाकला की स्वादुपिंडाच्या पेशींतून इन्सुलिन बाहेर येतं, हे दिसत होतं. १९९९ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी ते का येतं हे तपासलं. जिम्नेमिक आम्लं सॅपोनिन या वर्गातली. आपला रिठा फेसाळतो तो सॅपोनिनमुळेच. पेशीचं आवरण असतं चरबीचं, आणि फेस करणाऱ्या द्रव्याशी चरबीचं काय होतं हे भांडी घासणाऱ्याला सांगायला नको. त्या अर्कानं पेशींची आवरणं झिरपू लागली आणि आतलं इन्सुलिन गळालं. पेशी 'जाग्या होऊन' इन्सुलिन द्यायला लागल्या नव्हत्या, पोत्याला भोक पडून ज्वारी सांडावी तसा तो प्रकार होता. पुढे त्याच गटानं वेगळ्या पद्धतीनं काढलेला अर्क तपासला. त्यात हा दोष दिसला नाही आणि इन्सुलिन मात्र वाढलं. म्हणजे पान एकच असलं तरी अर्क कसा काढला यावर सगळं अवलंबून. बाजारातल्या डबीवर 'शुद्ध गुडमार' असं लिहिलेलं असतं, त्यात यातला कोणता अर्क आहे ते कळायला मार्ग नसतो.

'स्वादुपिंड पुन्हा जिवंत होतं' हा दावाही फिरत असतो. त्याचं मूळ १९९०च्या एका अभ्यासात आहे. मधुमेह मुद्दाम जडवलेल्या उंदरांत अर्क दिल्यावर इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची बेटं वाढलेली दिसली. उंदरांत. माणसात असं घडल्याचं सिद्ध झालेलं नाही, आणि उंदराचं आणि या पानाचं नातं कसं तिरपागडं आहे ते वर आलंच आहे.

माणसांवर काय दिसलं

या वेलीवरच्या कामात मराठी माणसाचा हात जुना आहे. मुंबईच्या हाफकिन संस्थेत काम करणाऱ्या म्हसकर आणि केयस यांनी १९३० साली गुडमारवर सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. इन्सुलिनचा शोध लागून तेव्हा जेमतेम नऊ वर्षं झाली होती.

माणसांवरचा सगळ्यात गाजलेला अभ्यास १९९०चा, मद्रासचा. टाइप २ मधुमेहाच्या २२ रुग्णांना त्यांच्या नेहमीच्या गोळ्यांबरोबर रोज ४०० मिलिग्रॅम अर्क दिला, १८ ते २० महिने. रक्तातली साखर उतरली, गोळ्यांचे डोस कमी करता आले आणि पाच जणांच्या गोळ्या थांबवून फक्त अर्कावर भागलं. इन्सुलिन घेणाऱ्या टाइप १च्या २७ रुग्णांतही इन्सुलिनची गरज कमी झाल्याचं त्याच गटानं नोंदवलं. लंडनच्या गटाच्या नव्या अर्काची चाचणी ११ रुग्णांवर झाली, ६० दिवस. तिथेही साखर उतरली.

मग अडलं कुठे? हे डॉक्टरांच्या भाषेत सांगितलं तर मामांना पटणार नव्हतं, म्हणून मी त्यांना सोयाबीनवर नेलं.

"मामा, यंदा कृषी केंद्रवाल्यानं नवं टॉनिक दिलं, तुम्ही सगळ्या रानात फवारलं आणि उतारा वाढला. टॉनिकनं वाढला का पावसानं, कसं सांगाल?"

"एक पट्टा कोरा सोडाय पाहिजे."

"आणि फवारलेला पट्टा विहिरीजवळचा काळ्या रानातला, कोरा पट्टा मुरमाडातला असला तर?"

"मंग काय कळणार, डोंबल."

माणसांवरच्या चांगल्या चाचणीत हेच करतात. कोणाला औषध, कोणाला तशीच दिसणारी पोकळ गोळी, हे चिठ्ठ्या टाकून ठरवतात, म्हणजे काळं रान एका बाजूला जात नाही. कोणाच्या वाट्याला काय आलं ते पेशंटला ठाऊक नसतं आणि तपासणाऱ्यालाही नसतं. कारण चाचणीत नाव घातलं की माणूस आपोआप पथ्यानं वागतो, दर महिन्याला साखर मोजतो, फिरायला जातो. नुसत्या तेवढ्यानं साखर उतरते. मद्रासच्या अभ्यासात अशा चिठ्ठ्या नव्हत्या, पोकळ गोळीही नव्हती. त्यात २२ माणसं म्हणजे एखाद्या वाड्यातली.

नंतरही अभ्यास होत राहिले. २०२१ साली दहा अभ्यास एकत्र करून त्यांचा ताळेबंद मांडला गेला. उपाशीपोटीची, जेवणानंतरची आणि तीन महिन्यांची सरासरी, तिन्ही आकडे उतरल्याचं त्यात दिसलं. निकाल आशेचा आहे, हे मी मोकळेपणानं म्हणते. पण दहाही अभ्यासांतली माणसं मिळून चारशेच्या आसपास. याच्या शेजारी ब्रिटनमधला यूकेपीडीएस हा अभ्यास ठेवून बघा. १९७७ ते १९९७, नव्यानं निदान झालेले ५,१०२ रुग्ण, आणि मोजलं काय, तर साखरेच्या आकड्यासोबत हार्ट अटॅक किती आले, डोळे किती गेले, किडन्या किती बिघडल्या. मेटफॉर्मिन वजन जास्त असलेल्या पेशंटांचं हृदय वाचवतं हे १९९८ साली त्यातून कळलं. गुडमारनं कुणाची किडनी वाचली का, हे विचारणारा एवढा मोठा अभ्यास झालेला नाही. आणि शुगरची भीती आकड्याची नसते, भीती डोळ्यांची, किडनीची आणि पायाच्या जखमेची असते.

मामा ऐकत होते, पण त्यांचा खरा आक्षेप वेगळाच निघाला. "झाडपाल्याला इंग्रजी डॉक्टर मानतच न्हाईत."

मी त्यांच्याच मेटफॉर्मिनची स्ट्रिप काढली. ही गोळीही झाडपाल्यातूनच आलेली. युरोपात गॅलेगा ऑफिसिनॅलिस नावाचं जांभळट फुलांचं एक रोप आहे. त्यात ग्वानिडिन जातीची द्रव्यं असतात. ग्वानिडिननं प्राण्यांची साखर उतरते हे १९१८ मध्ये दिसलं, पण ते विषारी. त्याच घराण्यातलं सोसवेल असं मेटफॉर्मिन १९२२ साली प्रयोगशाळेत तयार झालं आणि कोणाचं लक्ष न जाता पडून राहिलं. १९५७ मध्ये फ्रान्समध्ये जाँ स्टर्न यांनी ते मधुमेहाच्या रुग्णांना देऊन निकाल छापले. अमेरिकेनं परवानगी दिली ती १९९४ च्या शेवटाला. रोपापासून स्ट्रिपेपर्यंत पाऊणशे वर्षं. शुगरच्याच डापाग्लिफ्लोझिन नावाच्या गोळीचंही तसंच, तिची आजी म्हणजे सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ साली वेगळं काढलेलं फ्लोरिझिन. म्हणजे वाद झाड विरुद्ध गोळी असा नाहीच. या दोन झाडांची परीक्षा पूर्ण झाली, गुडमारची अजून अर्ध्यावर आहे.

बिवळ्याच्या लाकडाचा पेला, विजयसार म्हणून विकतात तो, त्याचीही परीक्षा अर्ध्यावरच थांबली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं केलेल्या चाचणीचे निकाल १९९८ साली आले. नव्यानं निदान झालेल्या ९७ पैकी ६७ जणांची साखर १२ आठवड्यांत आटोक्यात आली. पण कोरा पट्टा तिथेही नव्हता, आणि दिला होता तो मोजलेला अर्क, रात्रभर पेल्यात ठेवलेलं पाणी नव्हे. कुंडीतल्या 'इन्सुलिनच्या झाडा'बद्दल एवढंच, त्यात इन्सुलिन नसतं, आणि असतं तरी गिळलेलं इन्सुलिन पोटात पचून जातं. म्हणून तर त्याचं इंजेक्शन घ्यावं लागतं.

पान साधं आहे, पण…

दोन वर्षांमागची आषाढी एकादशी. एक म्हातारे तात्या दुकानाच्या पायरीवर बसले आणि उठेनात. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते, बोलणं बरळल्यासारखं. बरोबरच्या नातवाला वाटलं उन्हानं. मशीन लावलं तर ५२. सत्तरच्या खाली गेली की धोका, हे तर ५२. ग्लुकोजचं पाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, नातवाला सांगून दवाखान्यात पाठवलं. उपवास होता, सकाळी ग्लिमेपिराइड घेतली होती आणि त्यावर कोणीतरी दिलेली 'शुगरची जडीबुटी' दोन चमचे.

ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन उपाशी पोटीही साखर खाली ओढतं. त्यावर साखर उतरवणारं आणखी काही घातलं आणि जेवण चुकवलं, तर तात्यांसारखं होतं. गुडमारचा गुण खरा असेल तर ही जोखीमही खरी आहे. गुणाला हो म्हणायचं आणि धोक्याला 'झाडपाल्यानं काय व्हायलंय' म्हणायचं, असं चालत नाही.

तात्यांच्या त्या पुडीत नक्की काय होतं कोण जाणे. बिनलेबलच्या चूर्णात ग्लिबेनक्लामाइड या साखर उतरवणाऱ्या स्वस्त गोळीची भुकटी मिसळलेली सापडल्याची प्रकरणं जगभर नोंदली गेली आहेत. चार दिवसांत गुण येतो तो तिचा. २००४ मध्ये छापलेल्या एका तपासणीत बॉस्टन भागातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. गुडमारचा चहा घेणाऱ्या एका रुग्णाच्या यकृताला सूज आल्याची नोंद २०१० साली छापून आली. ते क्वचित घडतं, पण आधीच चार गोळ्या चालू असलेल्याच्या यकृतावर आणखी किती भार टाकायचा, हा विचार करायला हवाच. आणि 'मधुमेह मुळापासून घालवतो' अशी जाहिरात करायला १९५४च्या कायद्यानं बंदी आहे. एस.टी. स्टँडच्या भिंतींना अजून ते कळलेलं नाही.

मामांची ११८

हे सगळं सांगून झाल्यावर मी मामांना एकच विचारलं. "पाला सुरू केल्यापासून दुसरं काय बदललं?"

आठवून आठवून सांगू लागले. दसऱ्यापासून पाला चालू. त्याच सुमाराला सोयाबीनची काढणी, म्हणजे दिवसभर रानात. आणि चहा? "चहा सुटला की ताई. पाला खाल्ल्यावर चहाला चवच लागंना. आधी सात-आठ कप व्हायचे दिवसाचे."

कपाला दोन चमचे साखर धरली तर दहा ग्रॅम. आठ कपांचे ऐंशी ग्रॅम, दर दिवशी. वरून घातलेली साखर मोठ्या माणसानं दिवसाला साधारण पन्नास ग्रॅमच्या आत ठेवावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मामा एकट्या चहातच तिच्या दीडपट पुढे होते. पाल्यानं त्यांच्या रक्तात काय केलं ते मला सांगता येणार नाही, पण जिभेवर जे केलं त्यानं चहा सुटला. हे नुसतं माझं अनुमानही नाही. जिम्नेमिक आम्लाची चघळायची गोळी दिल्यावर लोक तेवढ्यापुरतं गोड कमी खातात, हे २०१७ मध्ये पोकळ गोळीशी तुलना करून दाखवलेलं आहे. मला विचाराल तर या पाल्याचा आजच्या घडीला सगळ्यात भरवशाचा उपयोग हाच. रक्तासाठी कमी, जिभेच्या सवयीसाठी जास्त.

एका सकाळची ११८ म्हणजे एका सकाळची ११८. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि रक्तातली साखर त्यांना चिकटत राहते. ती किती चिकटली हे एचबीएवनसी दाखवतं, म्हणजे तीन महिन्यांचा ताळा. मामांनी तेव्हा तपासणी केली ती आली ८.१, सरासरी १८५च्या आसपास. त्यात पाल्याआधीचे दिवसही होते, हे मीच त्यांना सांगितलं, उगीच पाल्यावर अन्याय नको. डॉक्टरांपुढे त्यांनी पाल्याचं काही न लपवता सांगितलं. डॉक्टरांनी दोन्ही गोळ्या पुन्हा सुरू केल्या, ग्लिमेपिराइडचा डोस तेवढा उतरवला आणि घरी मोजायचं वेळापत्रक लिहून दिलं. पुढची तपासणी महाशिवरात्रीच्या आसपास.

ती आली ७.२. रिपोर्ट घेऊन मामा आधी माझ्याकडेच आले, डॉक्टरांकडे नंतर.

"बघा. म्हणलं नव्हतं का, पाल्यानंच केलं."

"अजून खाता का पाला?"

"न्हाई ओ. संक्रांतीच्या आधीच शेळ्यांनी वेल ओरबाडून खाल्ली. बुडखा राहिलाय निस्ता."

"आणि चहा?"

"चहा बिनसाखरेचाच. सवय झाली आता."

गोळ्या, बिनसाखरेचा चहा, रानातली मेहनत आणि दोन-अडीच महिन्यांचा पाला, सगळं एकाच पट्ट्यात फवारलेलं. मामांनी स्ट्रिपा पिशवीत टाकल्या, सुट्टे पैसे मोजून घेतले आणि जाता जाता म्हणाले, पाऊस पडू द्या, वेल फुटली की तुमच्यासाठी पण पाला आणतो, तुमचा पण चहा लई होतो दुकानात.